शेंगतेल, रॉकेल आणि आमचा वाटा



तेलाच्या पैशावर शहरे उभी राहतात असे कुणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दुबई आणि कुवेत येतात. वस्तीतला एखादा पोरगा तिकडे गवंडीकामाला जाऊन आलेला असतो, तो उंच इमारतींचे फोटो दाखवतो आणि आपण तोंडात बोट घालतो. पण तेलाने घडलेली शहरे पाहायला एवढ्या लांब जायला नको. धुळे, जळगाव आणि मधले अमळनेर ही आपली तिन्ही गावे तेलाच्याच हाताखालून गेलेली आहेत. आपल्याकडचे तेल जमिनीतून उपसलेले नव्हते एवढेच. ते भुईमुगाच्या शेंगेतून निघाले, सरकीतून निघाले, आणि एका ठिकाणी तर हातगाडीवरच्या रॉकेलातून मोठी पेढी उभी राहिली. आपण काय खातो, साहित्याचा मांडव कुठे पडतो, संग्रहालय कुणाच्या नावाने उभे राहते आणि आपली शिकलेली पोरे कोणत्या गावाला जातात, ह्यातले बरेचसे ह्या तेलाने ठरवले आहे. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. कुठलीही गोष्ट समोर आली की जमा कुठे आणि नावे कुठे हे पाहायची खोड लागली आहे. आजचा हिशेब तेलाचा.

आधी धुळे. ह्या गावात कंदिलाच्या नावाची बाजारपेठ आहे, पाच कंदील. तेव्हा तेलाशी ह्या गावाचे नाते पत्त्यातच लिहिलेले आहे. कापूस आणि भुईमूग ह्या दोन पिकांच्या जोरावर इथे जिनिंग चालले आणि तेलाच्या गिरण्या चालल्या. दिवाळीनंतर शेंगेच्या गाड्या बाजारात येऊ लागल्या की वस्तीत हालचाल सुरू होई. पुरुष पोती वाहायला, बाया दाणे निवडायला. शेंग फोडायची, टरफल वेगळे करायचे, खवट दाणा बाजूला काढायचा, दाणा वाफवायचा आणि घाण्यात किंवा एक्सपेलरमध्ये घालायचा. टरफल बॉयलरखाली जळे, तेल पंधरा किलोच्या डब्यात जाई, पेंड गुरांसाठी जाई. पेंडीचा एखादा गरम तुकडा गुळाबरोबर आमच्यासारख्या पोरांच्याही वाट्याला येई. आई गिरणीतून घरी आली की तिच्या लुगड्याला, केसांना शेंगतेलाचा वास असे. तो वास म्हणजे आठवड्याची मजुरी मिळाल्याची खूण.

ह्या गिरण्यांनी आपल्याला काय दिले? मजुरी दिली, ती हंगामापुरती. चव दिली. खानदेशी माणसाला शेवभाजीवर तेलाचा तवंग दिसल्याशिवाय जेवण झाले असे वाटत नाही. ही चव तेल पिकवणाऱ्या आणि गाळणाऱ्या मुलखाची आहे. आणि डबा दिला. रिकाम्या डब्याची आमच्या वस्त्यांमधली कारकीर्द कुणीतरी लिहायला हवी. त्यात धान्य साठवले, नळावर रांगेत तो मांडला, त्याला दांडी ठोकून पाणी आणले, तो कापून सपाट करून त्याचा पत्रा झोपडीला लावला. आणि जयंतीच्या आधी ढोलकी मिळाली नाही तर पोरांनी त्याच डब्यावर ठेका धरून भीमगीते म्हटली. शेठचे तेल संपल्यावर आमचे वाद्य सुरू होई!

पण नोंद? आमचे एक मामा धुळ्यातल्या एका गिरणीत बावीस हंगाम पोती वाहत होते. गिरणी बंद झाली तेव्हा ते हंगामी, म्हणून त्यांच्या नावाचा एकही कागद निघाला नाही. फंड नाही, हजेरीची चिठ्ठी नाही. हमाल-माथाडींसाठी महाराष्ट्रात १९६९ साली कायदा झाला होता. ज्यांची मंडळात नोंद झाली त्यांना मजुरीचा हिशेब मिळाला, फंड मिळाला. ज्यांची झाली नाही ते मामांसारखे राहिले. बावीस हंगामांचा पुरावा म्हणून त्यांच्या खांद्यावर पोत्याचा घट्टा तेवढा होता.

गिरण्या का बसल्या ह्याचीही गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण वस्तीत आजही म्हणतात की कामगार आळशी झाले म्हणून धंदा गेला. तसे नाही. लाकडी घाण्याच्या पेंडीत बरेच तेल राहून जाते. एक्सपेलरच्या पेंडीतही शेकडा सहा-आठ टक्के राहते. सॉल्व्हंट पद्धतीत हेक्झेन नावाचा द्रव वापरून ते जेमतेम एक टक्क्यावर आणता येते. त्या कारखान्याला मोठे भांडवल लागते, माणसे मात्र थोडी लागतात. मग १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाली. मलेशिया आणि इंडोनेशियाचे तेल जहाजाने बंदरावर येते, बंदराजवळच शुद्ध होते आणि पिशवीत भरून आपल्या किराणा दुकानात पोचते. त्याच्याशी शेंगेची छोटी गिरणी काय टक्कर देणार? १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळल्याने साठाहून अधिक माणसे दगावली, आणि त्याच साली खाद्यतेल बंद पाकिटातच विकावे असा आदेश निघाला. भेसळीला आळा हवाच, त्यात दुमत नाही. विष पोटात जाते ते गरिबाच्याच. पण सुटे तेल हा रोजंदारी करणाऱ्याचा संसार होता. संध्याकाळी हाती पैसे आले की बाटली घेऊन पावशेर तेल आणायचे. पाकीटबंदीचे यंत्र ज्याला परवडले तो धंद्यात टिकला, बाकीचे गेले. पुढे २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बऱ्याच शेतात शेंगेच्या जागी कापूस आला.

आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येते. वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात तीन-चार आठवडे थांबवली, तेव्हा धुळ्याच्या गल्लीतल्या बाया तेलाच्या भावाबद्दल बोलत होत्या. आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "तेल महाग व्हयी गयं भाऊ, आते फोडणी कसाची दिऊ?" जकार्तात निर्णय होतो आणि धुळ्याच्या आजीची फोडणी अडते. शेंगतेलाच्या गावात!

आता अमळनेर. ज्या कंपनीचे नाव आज संगणकाच्या जगात घेतले जाते, जिथे नोकरी लागली की आपल्या वस्तीत पेढे वाटतात, ती विप्रो कंपनी मुळात तेलाची. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी ह्यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन केली आणि कारखाना काढला अमळनेरला. त्या लांबलचक नावाचेच पुढे विप्रो झाले. माल काय, तर वनस्पती तूप. तेल तापवायचे, त्यात निकेलची भुकटी घालायची, वरून हायड्रोजन वायू सोडायचा, म्हणजे पातळ तेल घट्ट होते आणि तुपासारखे दिसते. कोणी ते साजूक तुपात मिसळून फसवू नये म्हणून सरकारने वनस्पतीत शेकडा पाच टक्के तिळाचे तेल घालायला लावले होते. तिळाच्या तेलाने रासायनिक चाचणीत लाल रंग येतो आणि भेसळ उघडी पडते. उरलेल्या मालातून ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण निघे.

वनस्पती तूप हे गरिबाचे तूप. आमच्या लग्नांतली बुंदी, जिलेबी त्यातलीच, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. उलट तूप नाही म्हणून पंगत अडायची ती अडायची थांबली. पण त्याच घट्ट करण्याच्या क्रियेत ट्रान्स फॅट तयार होते आणि ते हृदयाला घातक, हे सरकारी नियमात यायला फार उशीर झाला. १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या वर नको असा नियम लागू झाला आहे. तोवर किती पिढ्या जेवून उठल्या! माता-भगिनींनी एवढे करावे की बेकरीचा नि फरसाणाचा माल घेताना पाकिटावरचे बारीक अक्षर पोरांकडून वाचून घ्यावे.

१९६६ मध्ये हाशम प्रेमजी वारले. एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण अर्धवट सोडून परतले आणि त्यांनी कारभार हाती घेतला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक नसते ते अमळनेरच्या शेअर्सचे. ह्या कंपनीचे शेअर सुरुवातीपासून गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, मध्यमवर्गीयांनी घेतले आणि जपून ठेवले. मूल जन्मले की त्याच्या नावावर विप्रोचा शेअर घ्यायचा, अशी रीत असल्याचे वर्तमानपत्रांनी छापलेले आहे. आम्ही बोनस आणि विभाजनाचा हिशेब कागदावर मांडला. १९८० साली शंभर रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर घरात असता आणि तो विकला नसता, तर १९८१ पासून डिसेंबर २०२४ पर्यंतचे सर्व बोनस आणि दोन विभाजने धरून त्याचे आज ५ लाख १२ हजार शेअर झाले असते. पुन्हा तपासले, आकडा तोच. एका शेअरचे पाच लाख बारा हजार.

त्याच काळात त्याच गावात शेंगेची पोती उतरवणारे हमालही होते. कुणी त्यांना शेअर घेऊ नका म्हटले नव्हते, हे खरे. पण शंभर रुपये बाजूला ठेवायला आधी शंभर रुपये उरावे लागतात, अर्ज भरायला अक्षर यावे लागते, आणि मुळात अशी गोष्ट असते हे सांगणारे माणूस ओटीवर बसलेले असावे लागते. आमच्या वस्तीत ते माणूस आले नाही. आले ते व्याजाने पैसे देणारे.

अमळनेरमध्ये पैसा आणि संस्कृती ह्यांचे नाते विप्रोच्याही आधीचे आहे. प्रताप शेठ ह्यांची कापड गिरणी, त्यांनी १९१६ साली काढलेले तत्त्वज्ञान मंदिर, त्यांच्या नावाची शाळा आणि कॉलेज. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० ह्या काळात त्याच शाळेत शिकवले. म्हणजे उद्योगपतीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शाळेतून कामगारांची बाजू घेणारा माणूस पुढे आला. तेव्हा शेठचा पैसा म्हणून सगळेच टाकाऊ, असे म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. शाळा ही शाळाच असते, तिचे दार उघडे असले म्हणजे झाले.

पण तेलाच्या पैशाचे पुढे काय झाले? अझीम प्रेमजी ह्यांनी शिक्षणाच्या कामासाठी दिलेल्या संपत्तीचा आकडा मार्च २०१९ मध्ये सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये असा जाहीर झाला. इतके दान देणारी माणसे जगात बोटावर मोजण्याइतकी. आम्ही त्यांच्यापुढे हात जोडतो. त्यांच्या फाउंडेशनचे विद्यापीठ २०१० मध्ये बंगळूरला निघाले, २०२३ मध्ये दुसरे भोपाळला. शेंग खानदेशची, घाम खानदेशचा, विद्यापीठ मात्र बंगळूरला. दान देणाऱ्याने कुठे द्यावे हे आपण सांगू शकत नाही. वाट्याची गोष्ट निराळी. तो ज्याचा त्याला द्यावाच लागतो, आणि तो द्यायची वेळ दानाच्या फार आधी, मजुरीच्या दिवशीच येऊन गेलेली असते.

जळगावची कथा रॉकेलची. वाकोदच्या शेतकरी घरातले भवरलाल जैन ह्यांनी १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर हातगाडीवरून रॉकेल विकायला सुरुवात केली. तेव्हा रॉकेल म्हणजे गरिबाघरचा सूर्य. चिमणीच्या उजेडात आपली कितीतरी माणसे मॅट्रिक झाली. काच काळी झाली की राखेने पुसायची आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. त्या रॉकेलाच्या धंद्यातून पुढे खते, ट्रॅक्टर, पाइप, ठिबक सिंचन अशी पेढी वाढत गेली. आज जळगावच्या सांस्कृतिक जीवनात जैन उद्योगाचे नाव घेतल्याशिवाय पान हलत नाही. २५ मार्च २०१२ रोजी जैन हिल्सवर 'गांधी तीर्थ' सुरू झाले, उद्घाटनाला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील होत्या. बहिणाबाईंच्या, बालकवींच्या, महानोरांच्या नावाने साहित्याचे पुरस्कार दिले जातात. निरक्षर असलेल्या, शेतात राबणाऱ्या बहिणाबाईंचे नाव २०१८ पासून विद्यापीठालाही आहे, हा आम्हांला अभिमान. गांधी तीर्थाला शाळेच्या सहली जातात, मुलांनी जावे. आमचा मुलगाही जाऊन आला. घरी आल्यावर त्याने विचारले, "बाबा, आजी ज्या गिरणीत होती तिचे म्युझियम कुठे आहे?" आम्ही कारकून, उत्तर फायलीत सापडले नाही.

एकाच उद्योगावर शहराचे नाट्य, साहित्य, संगीत अवलंबून राहिले की दुसरी एक भीती असते. २०१९ मध्ये हीच मोठी कंपनी कर्जफेडीच्या अडचणीत आली. २०२२ मध्ये बँकांशी तडजोड होऊन ती सावरली. सावरली हे चांगलेच झाले, हजारो घरांची चूल त्यावर आहे. पण गावाच्या संस्कृतीची नाडी एका ताळेबंदाला बांधलेली असणे जोखमीचे, हे कुठल्याही हिशेबनिसाला कळेल.

आणि रॉकेलची काळी बाजू विसरू नये. गरिबाला रेशनवर स्वस्त मिळावे म्हणून सरकार ज्या रॉकेलचा तोटा सोसत होते, तेच रॉकेल टँकरमधून डिझेलात जात होते. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ ही भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे ह्यांना भर दिवसा जिवंत जाळले. आमच्या बाया दुकानापुढे डबकी घेऊन रांगेत उभ्या आणि दुकानदार म्हणतो, "कोटा आला नाही." कोटा कुठे जात होता ते त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

आता आपल्या खर्चाने चालणाऱ्या संस्कृतीकडे वळू. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी मुक्कामाला होते. न्यायालयाच्या कामासाठी ते धुळ्याला आले होते. दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसे जमतात, घरची भाकरी बांधून येतात. कुठल्या शेठच्या नावाचा फलक लागत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन प्रताप कॉलेजच्या मैदानावर भरले. १९५२ नंतर पुन्हा अमळनेरला. त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. एका मांडवामागे सरकारी अनुदान नि बडे देणगीदार, दुसऱ्यामागे एक मूठ धान्य नि एक रुपया. ह्या दुसऱ्या जमाखर्चाच्या वहीत आमच्या बायांची नावे असतात.

गेलेली गिरणी परत येणार नाही. लाकडी घाण्याच्या तेलाची दुकाने आता शहरात पुन्हा निघाली आहेत, पण ते तेल इतके महाग की घाणा ओढणाऱ्याच्या घरात ते जायचे नाही. आपल्या पोरांचे भविष्य तेलात नाही, हे सरळ सांगतो. पण कॉमर्सला गेलेल्या प्रत्येक मुला-मुलीने शेअर म्हणजे काय, फंड म्हणजे काय, कंत्राटी आणि कायम ह्यांत फरक काय, हे वस्तीत संध्याकाळी बसून समजावून सांगावे. पुढच्या वेळी कारखाना कोणताही येवो, सोलरचा येवो की आणखी कशाचा, आपली माणसे गेटवर नुसती खांदा घेऊन उभी राहता कामा नयेत.

आणि एक काम लगेच करण्यासारखे आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात जुने दस्तऐवज जपले आहेत. १९२६ साली वारलेल्या वि. का. राजवाड्यांच्या नावाची ती संस्था. सरदारांचे नि संतांचे कागद जपले गेले, कारण कुणीतरी ते गोळा केले. तेलगिरणीतल्या हमालाचा कागद कोण गोळा करणार? ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. ज्यांच्या घरी गिरणीचा बिल्ला, हजेरीची चिठ्ठी, पगाराचे पाकीट, माथाडी मंडळाचे कार्ड, गिरणीच्या दारातला फोटो असेल, त्यांनी तो शोधून ठेवावा. फोटोच्या मागे नावे पेन्सिलीने लिहावीत, कोण कुठे उभे आहे ते. म्हातारीला विचारावे की दाणे निवडायला किती जणी बसत, एका पोत्याला काय मिळे, काम करताना कोणती गाणी म्हणत. तिच्या शब्दांत लिहावे, अहिराणीत सांगितले तर अहिराणीतच लिहावे. साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवले तर ह्या पानावर जसजशी जागा होईल तसतसे आम्ही छापू. मूळ कागद पोस्टाने पाठवू नयेत, झेरॉक्स पाठवावी, आणि मूळ घरातल्याच पेटीत, पण ह्या वेळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवावे.